ब्रँच कव्हरेज की एमसीडीसी: सोयाबीनच्या एका अटीवरून

प्रोग्रॅममधल्या अटींच्या टेस्ट लिहिताना ब्रँच कव्हरेजवर (पूर्ण अट एकदा खरी आणि एकदा खोटी ठरली की पुरे) थांबावे की एमसीडीसीपर्यंत (अटीतल्या प्रत्येक तुकड्याचा परिणाम वेगळा तपासणे) जावे, हा प्रश्न मी लातूरकडच्या एका सोयाबीन खरेदी केंद्रासाठी पायथनमध्ये काम करताना सोडवला. अट चार तुकड्यांची होती: नोंदणी हवी, आणि ओलावा १२ टक्क्यांपर्यंत हवा किंवा सवलत लागू असल्यास १५ टक्क्यांपर्यंत चालेल. ही सवलत केंद्र सरकारने २०२४ च्या खरीप हंगामासाठी दिली होती.

ब्रँच कव्हरेजला दोनच टेस्ट पुरल्या: नोंदणी असलेला ११ टक्क्यांचा माल मंजूर आणि नोंदणी नसलेला नामंजूर. अहवाल शंभर टक्के हिरवा आला. मात्र सवलतीच्या तुकड्यापुढे माझ्या हातून अर्थ उलटा करणारा एक जादा ‘नॉट’ पडला होता आणि तो १३ टक्क्यांची पहिली ट्रॉली काट्यावर येऊन ‘नामंजूर’ पावती निघेपर्यंत कोणाच्याच लक्षात आला नाही. पायथनमधले कव्हरेज मोजणारे साधन, कव्हरेज डॉट पाय, एका ओळीवरून दुसरीवर होणाऱ्या उड्या मोजते. एकाच ‘इफ’मधले तुकडे ते वेगळे पाहत नाही. साधन खोटे बोलत नव्हते, पण त्या शंभराचा मला आजही राग येतो.

चार तुकड्यांच्या खऱ्या-खोट्याच्या सगळ्या शक्यता तपासाव्यात, तर तक्त्यात १६ ओळी होतात आणि त्यांतल्या चार अशक्यच असतात, कारण ओलावा एकाच वेळी १२ च्या आत आणि १५ च्या वर असू शकत नाही.

एमसीडीसीत प्रत्येक तुकड्याने एकट्याने निकाल फिरवून दाखवायचा असतो. म्हणजे तो एकच तुकडा बदलल्यावर निकाल बदलणारी दोन टेस्टची जोडी हवी. त्यासाठी पाच टेस्ट लागल्या, पहिल्या चार नोंदणीसह: सवलतीविना ११ मंजूर, १३ नामंजूर, सवलतीसह १३ मंजूर, १६ नामंजूर, आणि नोंदणीविना, सवलतीसह १३ नामंजूर. शेवटची टेस्ट मी ११ टक्क्यांवर, सवलतीविना घेतली असती तरी एमसीडीसी पूर्ण झालेच असते, पण मग बाहेरचा कंस विसरल्याची, म्हणजे सवलतीचा भाग नोंदणीशिवायच मंजूर होण्याची, चूक निसटली असती. म्हणून जोडी कोणती निवडायची याला महत्त्व आहे.

विमानातील सर्वांत जोखमीच्या सॉफ्टवेअरसाठी डीओ-१७८सी हे विमान-सॉफ्टवेअरचे मानक हाच निकष मागते. आपल्या कामाला एवढी काटेकोरी लागेलच असे नाही. एका तुकड्याच्या अटीत दोन्ही पद्धतींत फरकही नाही. सी भाषेत काम करणाऱ्यांना जीसीसी १४ हा कंपायलर एमसीडीसी मोजून देतो, पायथनमध्ये मात्र मी तक्ता वहीवर काढतो. चार तुकड्यांसाठी पंधरा मिनिटे जातात, आणि तीन किंवा अधिक तुकडे दिसले की मी ती देतोच.