व्हेनिस, ॲमस्टरडॅम की ब्रुज : चार रात्रींसाठी कुठलं कॅनॉलवालं गाव धरायचं?

मागच्या आठवड्यात दाजींचा फोन आला. लग्नाला पंचवीस वर्षं होतायत, भाचा जर्मनीत आखेनला शिकायला आहे, दिवाळी झाली की त्याला भेटायला जायचंच आहे तर त्यातल्या चार रात्री काढून दोघंच "त्या पाण्यातल्या गावाला" जाऊन यायचं म्हणतात. कुठलं गाव म्हणून विचारलं तर "अरे तेच ते, होड्या असतात ते". आता कॅनॉल म्हटलं की आपल्याकडं सांगलीत ताकारी-म्हैसाळची सिंचन योजना आठवते आणि आवर्तन कधी सुटणार एवढाच प्रश्न असतो, पण तिकडं कॅनॉल म्हणजे गावातला रस्ता, आणि अशी गावं युरोपात ढिगानं आहेत. मी त्यातली तीन बघितलीत, एकदा आई-आप्पांना घेऊन आणि एकदा आम्ही दोघंच. फोनवर सगळं सांगताना माझाच गोंधळ व्हायला लागला म्हणून हे लिहून काढतोय, दाजींना पण होईल आणि अजून कुणी ठरवत असेल तर त्यांना पण.

आधी व्हिसाचं, कारण इथंच लोक घोळ घालतात. तिन्ही देश (व्हेनिसचा इटली, ॲमस्टरडॅमचा हॉलंड, ब्रुजचा बेल्जियम) शेंगेन म्हणजे एकाच व्हिसाच्या गटात येतात त्यामुळं एक व्हिसा पुरतो, पण अर्ज त्या देशाकडं करायचा जिथं जास्त रात्री राहणार. दाजींचं बाकीचं सगळं राहणं जर्मनीत आहे, म्हणजे अर्ज जर्मनीकडंच, मग चार रात्री कुठं का काढेनात. नुसतंच फिरायला जाणार असाल आणि दोन रात्री हॉलंड दोन रात्री बेल्जियम असं समसमान असेल तर ज्या देशात पहिल्यांदा उतरणार तिकडं अर्ज. मोठ्या माणसाची फी ९० युरो, वर सेंटरवाल्यांचा सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि निदान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. युरोला शंभर रुपये धरा, हिशोब सोपा जातो.

व्हेनिस

दाजींच्या डोक्यात हेच आहे, आणि खरं सांगायचं तर असं गाव दुसरं नाहीच. शंभराच्या वर छोटी बेटं, चारशेच्या वर पूल, आणि आत मोटार नाही की सायकल नाही. ॲम्ब्युलन्स बोट, कचऱ्याची गाडी बोट, कुरिअरवाला पण बोटीतून येतो. पहिल्या दिवशी सकाळी सहाला जाग आली तर खिडकीखाली एक माणूस बोटीतून पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट उतरवत होता आणि कुणाशी तरी मोठ्यानं भांडत होता, आप्पा म्हणाले आपल्या मार्केट यार्डासारखंच आहे की.

पण इथं एक गोष्ट पक्की करा. गावाच्या आत राहणार असाल तरच जा. आम्ही पहिल्या रात्री पैसे वाचवायला मेस्त्रेला राहिलो, मेस्त्रे म्हणजे अलीकडचं जमिनीवरचं गाव, ट्रेननं दहाएक मिनिटं. हॉटेलचं नाव घेत नाही पण खोलीसमोर रेल्वेचं यार्ड होतं आणि संध्याकाळी सातला परतायची घाई. व्हेनिसमधे दिवसा मरणाची गर्दी असते, हरभट रोडला दिवाळीच्या आदल्या दिवशी असते तशी, आणि अंधार पडला की दिवसभराचे लोक निघून जातात आणि मग ते गाव दिसायला लागतं. दुसऱ्या रात्रीपासून आत खोली घेतली, महाग पडली, पण जेवून परत येताना गल्लीत फक्त आमच्या चपलांचा आवाज. तेवढ्यासाठी पैसे गेले असं मी समजतो.

एंट्री फीचं पण एक आहे. २०२४ पासून ठराविक गर्दीच्या दिवशी नुसतं दिवसाभरासाठी येणाऱ्यांकडून ५ युरो एंट्री फी घेतात, २०२५ ला उशिरा बुक केलं तर १० केली. व्हेनिस पालिकेच्या हद्दीत, अगदी मेस्त्रेला पण, मुक्काम असेल तर ती माफ (मात्र हॉटेलवाले माणशी रोजचा वेगळा टॅक्स लावतात). हे फीचे दिवस एप्रिलपासून उन्हाळ्यातले असतात त्यामुळं मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी तारीख बघा, दाजींना काही संबंध नाही.

आता होडी. गोंडोलाचा दिवसाचा सरकारी दर अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. हा दर होडीचा आहे, माणशी नाही, पाच जण बसतात. म्हणजे दोघांना नऊ हजार रुपये अर्ध्या तासाला. ताई ऐकून म्हणाली हरिपूरच्या संगमावर बसू की मग निवांत. पण त्याला उपाय आहे, मोठा कॅनॉल ओलांडायला त्राघेत्तो म्हणून साधी होडी असते, गोंडोलासारखीच पण नटवलेली नाही, २ युरो घेतात आणि दोन-तीन मिनिटांत पलीकडं सोडतात. आई त्यात उभी राहायला तयार नव्हती, बसूनच आली, पण आल्यावर "झालं का एवढंच" म्हणाली. बाकी फिरायला व्हापोरेत्तो, म्हणजे पाण्यावरची एसटी. एक तिकीट ९.५० युरोला आणि ७५ मिनिटं चालतं, ७२ तासांचा पास ४५ ला, म्हणजे दिवसाला दोनदा बसलात तरी पासच परवडतो. एक नंबरची बोट स्टेशनपासून सान मार्को चौकापर्यंत सगळ्या मोठ्या कॅनॉलमधून रमत जाते, जागा मिळाली तर पुढं बाहेर बसा, तेच तुमचं साईटसीइंग.

अडचण आहे ती पुलांची. जवळजवळ सगळे पायऱ्यांचे. स्टेशनवरून हॉटेल "फक्त ६०० मीटर" होतं पण मधे चार पूल, आणि आमच्या बॅगा म्हणजे भडंग, मेतकूट, दशम्या आणि आईनं कुठंतरी खुपसलेला कुकर. प्रत्येक पुलावर बॅग उचलायची, उतरवायची. तिसऱ्या पुलावर आप्पा बॅगेवरच बसले. तेव्हा गुडघ्याचा त्रास असेल तर बोटीच्या थांब्याला लागून असलेलं हॉटेलच घ्या, मधे एकही पूल नको, हे मॅपवर मोजून बघा. आणि तुपाचा डबा नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपात बंदी आहे. भडंगाला कुणी काही म्हणालं नाही.

मग नोव्हेंबरचं पाणी. ऑक्टोबर ते जानेवारी तिथं समुद्राचं भरतीचं पाणी गावात चढतं. २०१९ ला आपल्याकडं ऑगस्टच्या महापुरात आयर्विनला (सांगलीतला कृष्णेवरचा पूल) ५७ फूट पाणी झालं, त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला व्हेनिसला १८७ सेंटीमीटर झालं, १९६६ च्या १९४ नंतरचं सगळ्यात जास्त. आकडा ऐकून घाबरू नका, आयर्विनला ४५ फूट म्हणजे घरात ४५ फूट नसतं तसंच हे आहे, सान मार्को चौक साधारण ८० च्या आसपास ओला व्हायला लागतो आणि तिथून पुढचं पाणी पायाशी. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी ७८ दरवाजे बसवलेत, अंदाज ११० च्या वर गेला की ते उचलतात आणि गाव कोरडं राहतं. पण त्याच्या खालचं पाणी तसंच येतं, मग चौकात फळ्यांचे उंच रस्ते मांडतात आणि माणसं रांगेनं चालतात. काही तासांत ओहोटी लागते आणि पाणी जातं, आपल्यासारखं आठ-आठ दिवस बसून राहत नाही. आईनं मात्र एका घराच्या भिंतीवर ओल चढून प्लास्टर सुटलेलं होतं तिथं हात लावून उंची बघितली आणि "आपल्याकडं जास्त होतं" म्हणून पुढं गेली.

ॲमस्टरडॅम

हे पाण्यातलं गाव नाही, पाणी असलेलं शहर आहे, आणि दोन्हीत खूप फरक पडतो. इथं ऑफिसं आहेत, ट्राम आहे, शाळेत पोरं सोडायला आया सायकलवरून जातात. सतराव्या शतकात आखून काढलेले अर्धगोलाकार कॅनॉल, एकात एक, कांद्याच्या फोडीसारखे, २०१० ला युनेस्कोच्या यादीत आले. व्हेनिसला हरवायला होतं (आणि ते चांगलंच असतं), इथं दोन दिवसांत रस्ते पाठ होतात.

दाजींसाठी सोयीचं पण हेच. आखेनवरून कोलोनला यायचं, तिथून थेट ट्रेननं पावणेतीन-तीन तासात ॲमस्टरडॅम. व्हेनिसला तिथून विमानच बघावं लागेल. भाचा म्युनिकला असता तर गोष्ट वेगळी होती, तिथून व्हेनिसला थेट ट्रेन आहे सहा-सात तासांची, आल्प्समधून. आणि कुणी सांगलीवरून सरळच जाणार असेल तर मुंबईहून ॲमस्टरडॅमला थेट विमान आहे, व्हेनिसला मधे बदलावं लागतं.

रस्ते सपाट, पूल चढावाचे पण पायऱ्यांचे नाहीत, त्यामुळं मला वाटलं गुडघ्यांना हेच बरं. आणि मग हॉटेलचा जिना बघितला! ही कॅनॉलवरची घरं अरुंद आणि उंच, आतला जिना म्हणजे आपल्या माळ्यावर जायची शिडी, धरायला एका बाजूनं दोर. सामान चढत नाही म्हणून तर प्रत्येक घराच्या माथ्याला हूक असतो, कपाट-पलंग बाहेरून दोरानं ओढून खिडकीतून आत घेतात, आजही. आमच्या बॅगांना तो हूक काही मिळाला नाही. बुकिंग करताना फोटो नका बघू, लिफ्ट आहे का ते बघा. वर हॉटेलच्या बिलावर १२.५ टक्के टुरिस्ट टॅक्स, तो कधीकधी दाखवलेल्या दरात नसतो.

दुसरी भीती सायकलींची. लालसर रंगाची पट्टी दिसली की ती सायकलची, तिथं उभं राहून फोटो काढायचा नाही, बेल वाजते आणि त्यानंतर ब्रेक लागेलच असं नाही. आणि दाजींसाठी खास, पाटीवर कॉफीशॉप लिहिलं असेल तर ते कॉफीचं दुकान नव्हे, तिथं गांजा मिळतो. चहा-कॉफीला कॅफे शोधायचा.

ॲन फ्रँकचं घर बघायचं असेल तर आत्तापासून लक्षात ठेवा, तिकिटं फक्त ऑनलाईन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची सुटतात आणि भराभर संपतात. व्हॅन गॉग म्युझियमला पण वेळ ठरवून ऑनलाईनच. पण सांगलीच्या माणसानं चुकवू नये असं एक वेगळंच आहे, आणि फुकट आहे. तिथल्या महापालिकेच्या इमारतीत पाण्याचे तीन काचेचे खांब आहेत. दोन खांबांत दोन बंदरांवर आत्ता समुद्राचं पाणी किती आहे ते दिसतं, आणि तिसऱ्यात १९५३ च्या महापुराची पातळी, साडेचार मीटर, डोक्याच्या पार वर. खाली पितळेचा एक खिळा, तो त्यांचा शून्य. आप्पा तिथं वीस मिनिटं उभे होते, रोज सकाळी पेपरात कोयनेचा विसर्ग वाचणारा माणूस, त्यांना चित्रांपेक्षा हे आवडलं. म्हणाले आपल्या महापालिकेनं असं एक करायला पाहिजे.

बोटीची तासाभराची फेरी इथं गोंडोलाच्या मानानं पुष्कळच स्वस्त, नोव्हेंबरात वरून काच बंद असते आणि आत गरम. आणि नुसतंच पाण्यावर बसायचं असेल तर सेंट्रल स्टेशनच्या मागून पलीकडं जायच्या फेरीबोटी फुकट आहेत, आम्ही उगाच दोनदा जाऊन आलो.

ब्रुज

थोडक्यात सांगतो कारण गावच थोडक्यात आहे. एकेकाळी मोठी व्यापारपेठ, मग समुद्राकडं जाणारी खाडी गाळानं भरत गेली, जहाजं यायची थांबली, पैसा दुसरीकडं गेला आणि पाडून नवं बांधायला कुणाकडं पैसेच राहिले नाहीत, म्हणून सगळं जुनं तसंच उरलं. सुंदर आहे, फारच सुंदर, पण दीड दिवसात संपतं. बोट अर्ध्या तासाची. घड्याळाचा टॉवर ३६६ पायऱ्यांचा, ताईनं खाली बसून चॉकलेट खावं. नोव्हेंबरच्या मध्यानंतर होड्या साधारण बंद होतात, म्हणजे दाजींचं मूळ कारणच गेलं, तारीख बघूनच जा. आखेनवरून ब्रसेल्सला बदलून अडीच-तीन तासात पोचता येतं.

जेवणाचं तिन्हीकडचं एकत्रच. ताईकडं शुद्ध शाकाहारी, चातुर्मास संपलेला असेल एवढीच सवलत. ॲमस्टरडॅम सगळ्यात सोपं, इंडियन हॉटेलं पण भरपूर. व्हेनिसला पिझ्झा-पास्त्यावर निभतं पण वरून किसून घालतात ते पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं बनवतात, कडक पाळणाऱ्यांनी नको म्हणून सांगायचं. ब्रुजला फसायला होतं ते फ्राईजमधे, बेल्जियममधे जुन्या पद्धतीनं त्या गाईच्या चरबीत तळतात. सगळीकडं नाही, पण विचारल्याशिवाय घेऊ नका. आम्ही अर्ध्या खाल्ल्यावर विचारलं, आईला अजून सांगितलेलं नाही.

पासपोर्ट-व्हिसाची कटकटच नको असेल तर आपलं केरळातलं अलप्पुळा आहे. कॅनॉल काढून वसवलेलं जुनं बंदर, काथ्याचा मोठा व्यापार, आणि राज्याच्या जलवाहतूक खात्याच्या साध्या बोटीत बसून अगदी थोडक्या पैशात दिवसभर फिरता येतं. मिरजेवरून पूर्णा एक्सप्रेस आठवड्यातून एकदा एर्नाकुलमला जाते, पुढं लोकलनं तासा-दीड तासाचं. गावातल्या कॅनॉलला जलपर्णी असते, कृष्णाघाटावर बघून सवय आहेच.

तर दाजींना मी असं सांगितलं. चारही रात्री व्हेनिसला आत राहायची आणि खर्चाची तयारी असेल, ताईचे गुडघे साथ देतील, आणि फळ्यांवरून चालायला लागलं तरी चिडणार नसाल तर डोळे झाकून व्हेनिस. यातलं एक जरी नाही असेल तर ॲमस्टरडॅमला तीन रात्री आणि वाटेत ब्रुजला एक, तीही नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बसवता आली तर, नाहीतर चारही ॲमस्टरडॅमलाच. व्हेनिस मार्चमधे कधीतरी वेगळं करा.

दाजी ॲमस्टरडॅमला तयार झालेत. ताईची अट एकच, खोली वरच्या मजल्यावर घे. २०१९ च्या पुरात सांगलीच्या शामरावनगरात त्यांचा खालचा मजला पाण्यात गेला होता, तेव्हापासून ती कुठंच तळमजल्यावर झोपत नाही, समुद्रसपाटीच्या खालच्या शहरात तर नाहीच म्हणते. त्यामुळं आता कॅनॉलवरचं, वरच्या मजल्यावरचं आणि लिफ्ट असलेलं असं शोधतोय. दोन सापडलीत, दोन्हीचे दर अजून दाजींना सांगितलेले नाहीत.