वॉर्म, कूल की मधला: कपाटापाशी कुठला बल्ब लावायचा?

राणी कलरच्या साडीवर मॅचिंग सेंटरमधून ब्लाउजपीस आणला, तिथे तंतोतंत मॅच, दुकानदार पण म्हणाला "एकाच थानातलं वाटतंय ताई", आणि घरी ट्यूबलाइटखाली उघडला तर साडी राणीच पण ब्लाउज चक्क जांभळट! दोन्हीचे डाय वेगळे असले की असं होतं, एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात फसतात. आणि मुळात उजेडातच लाल कमी असेल तर कापड तरी ते कुठून आणणार.

तर बल्ब घेताना बॉक्सवरचे दोन आकडे बघायचे. पहिला केल्विन, म्हणजे उजेड पिवळसर की निळसर ते सांगणारा. २७००-३००० म्हणजे वॉर्म, पिवळसर. ह्यात मरून, केशरी, जरीचं सोनेरी मस्त खुलतं पण नेव्ही ब्लू आणि काळा काही केल्या कळत नाही, मी एक पाय निळा एक पाय काळा असे मोजे घालून ऑफिस गाठलंय. ६५०० म्हणजे कूल डेलाइट, ढगाळ आभाळासारखा निळसर, मोज्यांचा प्रश्न सुटतो पण आरशात आपण तापातून उठल्यासारखे दिसतो. ४००० मधला, कपाट आणि आरशाला माझं मत ह्यालाच.

पण खरा खेळ दुसऱ्या आकड्याचा, सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग कितपत खरे दिसतात त्याचं माप, जास्तीत जास्त १००. जुन्या पिवळ्या बल्बचा जवळपास १०० असायचा, स्वस्त एलईडीचा साधारण ८०. एलईडीत आत निळी चिप आणि तिच्यावर पिवळसर फॉस्फर, म्हणजे निळ्यातला काही उजेड पिवळा करणारा लेप, असतो ना, त्यात गडद लाल मार खातो. गंमत अशी की सीआरआय ज्या ८ रंगांच्या सरासरीवर काढतात त्यात गडद लाल नाहीच, त्याचा आकडा वेगळा, आर९. म्हणून ९० च्या वरचा घ्या, आर९ छापला असेल तर तोही ५० च्या वर बघा. महाग पडतो, पण लावायचा एकच आहे. जिन्याला, बाथरूमला ८० वाला बास.

आणि एवढं करून वर रंगीत काचेची शेड लावू नका प्लीज. रंगीत काच रंग वाढवत नाही, बाकीचे अडवते. मंडईत लाल ताडपत्रीखाली टोमॅटो कसले रसरशीत दिसतात, आणि त्याच ताडपत्रीखालची मेथी बघा, काळपट. मी टोमॅटो उचलून उन्हात धरून बघते, भाजीवाल्या मावशी वैतागतात, वैतागू देत.