नागिणीनंतर डोळ्यात फूल : लेसर करावं की लेन्स लावावी?

कपाळावरची नागीण सुकली, खपल्या पडल्या, पण बुबुळावर फूल, म्हणजे पांढरट डाग, राहिलं आणि त्या डोळ्याला धुरकट दिसतं. मग 'लेसरने नंबर घालवून टाकू' असं घरात कुणीतरी म्हणतंच. पण धूसरपणा नंबरामुळे आहे, की बुबुळामुळे?

याची परीक्षा सोपी आहे. डोळ्यावर कडक, म्हणजे आरजीपी लेन्स ठेवून तक्ता वाचायला देतात. चष्म्याने न दिसलेल्या खालच्या ओळी आता वाचता आल्या, तर दोष मुख्यतः बुबुळाच्या खडबडीत पृष्ठभागाचा. तरीही अक्षरं धुक्यातच राहिली, तर फूलच आड येतंय.

लासिक, म्हणजे नंबर घालवायचं नेहमीचं लेसर, मी या डोळ्यासाठी बादच करेन. त्यात बुबुळाचा साधारण 100 ते 120 मायक्रॉनचा पापुद्रा कापून उचलतात आणि त्याबरोबर नसाही तुटतात. नागिणीने त्या नसा आधीच दुबळ्या केलेल्या असतात. काही जणांच्या बुबुळाला कापसाचं टोक लावलं तरी पापणी लवत नाही! अशा बधिर बुबुळावरची जखम लवकर भरत नाही. शिवाय नसेत दडून बसलेला विषाणू पुन्हा उठायची भीती असतेच.

पीटीके हे लासिकमध्ये वापरतात त्याच एक्सायमर लेसरचं वेगळं काम. नंबर घालवायचा नसतो, वरवरचं फूल थरथराने उडवायचं असतं. फूल किती खोल आहे ते ओसीटीत, म्हणजे बुबुळाचे थर दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, दिसतं. खोल असेल तर विषय संपला. वरवरचं असेल, बुबुळाला स्पर्श बऱ्यापैकी कळत असेल आणि डोळा सहसा किमान वर्षभर शांत असेल, तरच विचार करावा, तोही विषाणूविरोधी गोळ्यांच्या आडोशाने. नंतर बहुतेकदा प्लसकडे नंबर सरकतो, म्हणजे चष्मा सुटेलच असं नाही.

स्क्लेरल लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, बुबुळावर सलाइनचा थर राहतो. खडबडीतपणा झाकला जातो, कोरड्या बुबुळाला ओलावाही मिळतो. महाग आहे, रोज घालण्या-काढण्याची कटकट आहे, पण नाही जमली तर काढून ठेवता येते; लेसरने उडवलेलं बुबुळ परत येत नाही. एक सावधगिरी मात्र हवी : बधिर डोळ्याला खुपलेलं कळत नाही, म्हणून लाली दिसली की लेन्स काढून थेट डॉक्टरकडे.

खोल फुलाला नेत्रदानातून मिळालेल्या बुबुळाचं रोपण करता येतं. पण डोळा बधिर असेल तर नवं बुबुळही धोक्यात, त्यामुळे कापसाची ती तपासणी इथेही आधी.