लाँबोक: गेटर-सेटर आयते मिळतात, पण हवेत का ते आधी बघा

लाँबोक या जावाच्या लायब्ररीला माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. जावात फील्ड प्रायव्हेट करायचं आणि मग एकेकाला गेटर-सेटर (फील्ड वाचायची आणि बदलायची मेथड) लिहीत बसायचं हा वैताग याने खरंच संपवलाय, क्लासच्या डोक्यावर ॲनोटेशन (@ ने सुरू होणारी खूण) टाकलं की कंपाइल होतानाच मेथड तयार.

पण आयतं मिळायला लागल्यावर हे हवंय का असं कोणी विचारतच नाही, गेटर, सेटर, टूस्ट्रिंग सगळं एकदम देणारं डेटा ॲनोटेशन सरसकट चिकटवतात. आता बघा, खात्याचा क्लास आहे, त्यात शिल्लक नावाचं फील्ड, त्याला सेटर दिला म्हणजे कोणीही कुठूनही कितीही रक्कम टाकणार, मग सरळ पब्लिक ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? तिथे पैसे भरा, पैसे काढा अशा मेथड पाहिजेत, शिल्लक पुरते का ते त्यांच्यातच तपासायचं. लिस्टचं तर अजून अवघड, लाँबोकचा गेटर कॉपी देत नाही, आतली तीच लिस्ट हातात देतो, बाहेरच्याने क्लिअर मारलं की आपला ऑब्जेक्ट रिकामा आणि आपण फील्ड प्रायव्हेट आहे म्हणून निवांत! जेपीए एंटिटीवर (डेटाबेसच्या टेबलाशी जोडलेल्या क्लासवर) तर डेटा नकोच, दोन्हीकडून रिलेशन असेल तर दोघांचे टूस्ट्रिंग (ऑब्जेक्टचा मजकूर बनवणारी मेथड) एकमेकांना बोलवत बसतात आणि स्टॅक ओव्हरफ्लो.

मग डायरेक्ट फील्ड वापरायचं का? क्लासच्या आत बिनधास्त, सबक्लास गेटर ओव्हरराइड करणार नसेल तर स्वतःच्याच फील्डसाठी गेटर कशाला. प्रायव्हेट इनर क्लासलाही चालतं. लायब्ररी म्हणून बाहेर देणार असाल तर मात्र नको, उद्या फील्ड काढून मेथड आणली की वापरणाऱ्या सगळ्यांचा कोड मोडतो. आणि स्पीडचं कारण सांगू नका कोणी, सारखा वापरला जाणारा छोटा गेटर हॉटस्पॉटचं जिट (जावा चालतानाच कोड वेगवान करणारा कंपायलर) इनलाइन करून टाकतं, म्हणजे कॉलच्या जागी थेट आतला कोड बसवतं.

लाँबोक कंपायलरच्या पोटात हात घालतं, त्यामुळे जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) बदलताना त्याचंही व्हर्जन बघावं लागतं, जेडीके 16 ला 1.18.20 लागलं होतं. त्याच 16 मध्ये रेकॉर्ड (नुसता डेटा ठेवायचे जावाचे स्वतःचे क्लास) पक्के झाले, फील्ड फायनल, ॲक्सेसर आपोआप, सेटर नाहीच, नुसता डेटा इकडून तिकडे न्यायचा तर मी तेच घेतो (लिस्टचा लोचा तिथेही आहे हां, कन्स्ट्रक्टरमध्ये कॉपी करून ठेवा). बाकी क्लासना लाँबोकचं फक्त गेटर, तेही लागेल त्याच फील्डला. पुढे नकोसं झालं तर डीलाँबोक आहेच, साधा जावा कोड काढून देतं.