आटलेलं लेक ट्रॅव्हिस आणि सहा फुटी दांडा: आठ महिन्यांनंतर

लेक ट्रॅव्हिस नावाला तळं, खरं तर तो धरणाचा फुगवटा. टेक्सासच्या कोलोराडो नदीवरचं मॅन्सफील्ड धरण. मी सोलापूरकडचा, त्यामुळे ‘उजनी मायनसमध्ये गेली’ हे ऐकतच मोठा झालो. इथे टक्क्यांपेक्षा समुद्रसपाटीपासूनच्या फुटांचीच भाषा जास्त. 681 म्हणजे तुडुंब. ऑक्टोबर 2023 मध्ये आमची 22 फुटी पॉन्टून, म्हणजे पोकळ नळकांड्यांवर तरंगणारी सपाट बोट, आली तेव्हा पाणी त्याहून साधारण 50 फूट खाली होतं आणि बोट पाण्यात सोडायचे बहुतेक सार्वजनिक रॅम्प, म्हणजे काँक्रीटचे उतार, कोरड्या दगडांत संपत होते.

चालू राहिलेल्या रॅम्पवर आम्हाला नडला तो उतार. पॉन्टूनला तरंगायला दोनेक फूट पाणी पुरतं, पण तिची नळकांडी ट्रेलरच्या फळ्यांवर बसलेली असतात. ट्रेलरची चाकं पुरती बुडाल्याशिवाय बोट सुटत नाही. उतार सपाट असला की ट्रेलर इतका मागे न्यावा लागतो की पिकअपची मागची चाकं आणि सायलेन्सरही पाण्यात जातात. तेही शेवाळलेल्या काँक्रीटवर.

म्हणून गाडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये बसणारा, काढता-घालता येणारा सहा फुटी दांडा घेतला. पहिल्याच दिवशी फरक कळला: ट्रेलर हवा तेवढा आत, गाडी कोरडी. बायको बोटीवर, मी गाडीच्या स्टीअरिंगवर, पाच मिनिटांत मोकळे.

तिसऱ्या खेपेला मात्र फजिती झाली. दांड्यामुळे मागे जाणं सोपं होतं, आणि मी जरा जास्तच गेलो. धाडकन आवाज. ट्रेलरचं चाक काँक्रीटच्या टोकावरून खाली उतरलं होतं. बोट ट्रेलरवर चढवताना लोक इंजिन रेटतात, पंख्याचा झोत रॅम्पच्या टोकाखालची खडी उपसून काढतो आणि तिथे खड्डा होतो. पाणी भरपूर असताना तो खोल राहतो, कुणाच्या वाटेला येत नाही. पाणी उतरलं की नेमका चाकाखाली. मी गाडी पुढे ओढणार होतो, तेवढ्यात शेजारचे एक आजोबा ओरडले, आधी बोट सोड! वजन उतरल्यावर तिघांनी ट्रेलरचा मागचा भाग उचलला, मी गाडी हळूच पुढे घेतली. मडगार्ड वाकला, एवढ्यावर निभावलं.

तेव्हापासून गाडीत बांबू असतो. आधी मी पाण्यात उतरून काँक्रीट कुठे संपतं त्याचा ठाव घेतो, मग काठावर दगड ठेवतो: गाडीचं मागचं चाक याच्यापुढे नाही. उतरताना जाड तळव्याचे बूट हवेतच. 2017 पासून या तळ्यात झेब्रा शिंपले आहेत, आणि पाणी ओसरलं की ते दगडांवर उघडे पडतात. ब्लेडच म्हणा. मुलीच्या टाचेने ते शिकवलं.

दांड्याच्या तक्रारी दोन. रस्त्यावर तो लावून जाऊ नये, ट्रेलर डुलतो. म्हणजे रॅम्पजवळ जोडा, बाहेर आल्यावर काढा, आणि मागे रांगेत लोक घड्याळ बघतायत. दुसरी तक्रार दांडा जागेवर अडकवणाऱ्या खिटीची. चौथ्या महिन्यात ती गंजून अशी बसली की हातोडी मारून काढावी लागली.

पाचपैकी चार तारे. एक खिटीसाठी कापला. स्टेनलेसची नवी घेतली आहे, आणि एक जादाची गाडीच्या कप्प्यात.