कायटोसान पावडर, सीताबर्डीच्या दुकानातून

एम.फार्मच्या प्रोजेक्टसाठी सीताबर्डीतल्या एका लॅब केमिकलच्या दुकानातून २५ ग्रॅम कायटोसान घेतलं. कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळणारी ही साखरेच्याच कुळातली लांब साखळी; तिच्यापासून मी औषध वाहून नेणारे नॅनोकण बनवते. १ टक्का ॲसिटिक ॲसिडमध्ये रात्रभर ढवळल्यावर पावडर पूर्ण विरघळली, एक गाठ नाही. मग ट्रायपॉलिफॉस्फेट (या साखळ्यांना एकत्र बांधून कण बनवणारा क्षार) थेंबथेंब सोडलं आणि स्वच्छ द्रावणावर निळसर दुधाळ झाक चढली. लेझर मारला तर किरणाची रेघ आरपार दिसली, म्हणजे कण तयार झाले! पैसे तिथेच वसूल झाले. तक्रार एकच: डीॲसिटिलेशनची (साखळीवरचे ॲसिटिल गट किती काढलेत त्याची) टक्केवारी लिहिलेला कागद दोनदा मागावा लागला. विरघळणं बरंचसं त्यावर ठरतं हो, तो डब्यासोबतच द्या. बाकी दुकानाचे काका मे महिन्याच्या उन्हात स्वतः कॉलेजपर्यंत डबा घेऊन आले. पुढचा डबाही तिथूनच घेणार.