दोन पक्ष की अनेक पक्ष?

अमेरिकेत निवड जवळजवळ दोघांतच: डेमोक्रॅट किंवा रिपब्लिकन. तिसऱ्याला दिलेलं मत महागात पडू शकतं. २००० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडात रिपब्लिकन बुश डेमोक्रॅट अल गोर यांच्यापेक्षा ५३७ मतांनी जिंकले. तिथेच ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर ९७ हजारांवर मतं घेऊन गेले होते; त्यातली बरीच एरवी गोर यांना मिळाली असती, असं मानलं जातं. पण एक गोष्ट मला मनापासून आवडते. पक्षाचा उमेदवार तिथे प्राथमिक निवडणुकीत मतदारच ठरवतात. आपल्याकडे एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, कुणाच्या हाती पडणार, हे शेवटच्या दिवसापर्यंत कार्यकर्त्यालाही कळत नाही.

महाराष्ट्रात मात्र पर्यायांची कमी नाही. मतदान यंत्राच्या एका युनिटवर सोळा बटणं; उमेदवार जास्त झाले की शेजारी दुसरं युनिट लागतं. शेतकऱ्यांचा, दलितांचा, एखाद्या जिल्ह्यापुरता पक्ष इथे उभा राहू शकतो आणि मोठ्यांना त्याची दखल घ्यावी लागते. १९९५ मध्ये तर ४५ अपक्ष आमदार झाले!

किंमत दिसली ती २०१९ मध्ये. २८८ जागांत भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. युती म्हणून मतं मागितलेले भाजप-शिवसेना वेगळे झाले, राष्ट्रपती राजवट आली, मग फडणवीस-अजित पवारांचा पहाटेचा शपथविधी, आणि २८ नोव्हेंबरला शिवसेना-राष्ट्रवादी-काँग्रेस हे तिसरंच समीकरण सत्तेवर. मतदाराला कुणी विचारलंच नाही.

तरीही मी अनेक पक्षांच्याच बाजूने आहे. फक्त आघाडी निवडणुकीआधी व्हावी आणि किमान समान कार्यक्रम मतदानापूर्वी छापून घरोघरी पोचावा.